घर नसेल तर औषध लागू कसे पडणार?

गेल्या दोन लेखांत आपण क्षयरोगाची लक्षणे, थुंकीची तपासणी आणि सहा महिन्यांचा औषधोपचार यांची माहिती घेतली. ते लेख वाचून एका वाचकाने पत्र पाठवले आहे. ते लिहितात, "रुग्णाने शक्यतो स्वतंत्र, हवेशीर खोलीत झोपावे, असे आपण सांगता. आमच्याकडे खोली एकच आणि माणसे सात. त्यातला रुग्ण मी. मग मी झोपावे कोठे?"

सल्ला वैद्यकशास्त्राला धरून आहे आणि प्रश्नही तितकाच खरा आहे. या सदरात आपण आहार, पाणी, लसी, व्यायाम यांविषयी नेहमी बोलतो. घराविषयी बोलत नाही. ते काम बांधकाम खात्याचे, नगरपालिकेचे किंवा ज्याच्या त्याच्या नशिबाचे, असे धरून चालतो. माझे मत वेगळे आहे. ज्या रोगाचा उपचार घरी करायचा असतो, त्या उपचारात घर हेही एक औषध असते. मग ते गरिबाला परवडेल अशा किमतीत मिळते की नाही, याची चौकशी डॉक्टरांनीही केली पाहिजे.

जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल, की पूर्वी क्षय झालेल्या माणसाला मिरजेला किंवा पाचगणीला सॅनेटोरियममध्ये पाठवीत. मोकळी हवा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने विश्रांती, असा तो उपचार असे. ज्यांना तेथे खाट मिळे ते भाग्यवान. बाकीचे घरीच झिजत. पुढे औषधे निघाली, पण रुग्णालयात ठेवल्याशिवाय ती द्यावीत का, याविषयी डॉक्टरांना खात्री नव्हती. त्याचा निकाल लागला तो मद्रासमध्ये. १९५६ साली तेथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र सुरू केले. शहरातील गरीब वस्त्यांमधले सुमारे दोनशे रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला त्याच गोळ्या घरी दिल्या. वर्षअखेरीस दोन्ही गटांतले बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. सॅनेटोरियममधल्यांना चांगले अन्न आणि विश्रांती मिळाली होती, तरीही. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना संसर्गाचा धोका त्यामुळे वाढला, असेही आढळले नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाचा उपचार घरी होऊ लागला.

आपल्या देशातील ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. मद्रासच्या रुग्णांची घरे लहान होती, दाटीची होती, तरी ती होती. केंद्राचे कर्मचारी त्या घरी जात, गोळ्या मोजत. त्या दिवसापासून रुग्णालयाची खाट हलून रुग्णाच्या घरात आली. ज्याला घरच नाही, त्याची खाट मात्र कोठेच आली नाही.

माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक तरुण येत असे. खानावळीत कामाला होता आणि रात्री तिथल्याच मागच्या पडवीत झोपे. क्षयाचे निदान झाले, सरकारी केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या. मालकाला कळताच त्याला पडवीही बंद झाली. मग एस. टी. स्टँड, नंतर एका दुकानाची पायरी. गोळ्यांची पाकिटे तो पिशवीत घालून उशाला ठेवी. एका रात्री पावसात ती भिजली, दुसऱ्या वेळी पिशवीच गेली. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळे, आणि मळमळ झाली तरी काही वेळ पडून राहायला जागा नव्हती. तिसऱ्या महिन्यात तो येईनासा झाला. केंद्राचे कर्मचारी शोधायला निघाले, पण कागदावर पत्ता खानावळीचा होता. तो बेफिकीर होता असे मला कधीच वाटले नाही. घड्याळ बघून गोळी घेणारा माणूस होता तो. औषध मध्येच सोडल्यावर काय होते ते मागच्या लेखात आले आहे. रोग उलटतो, आणि कधीकधी नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होतो. मग तो एकट्याचा प्रश्न राहत नाही.

(अशा फिरत्या रुग्णांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपचार सुरू होताना 'निक्षय' नोंदणीचा क्रमांक मिळतो. तो लिहून जवळ बाळगावा. गाव बदलले तरी त्या क्रमांकावर दुसऱ्या ठिकाणच्या सरकारी केंद्रात औषधे पुढे चालू ठेवता येतात. पोषण आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा करण्याची सरकारी तरतूद आहे. खाते नसेल तर केंद्रातील कर्मचाऱ्यांना तसे स्पष्ट सांगावे.)

आता पत्रलेखकांच्या प्रश्नाकडे. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ताट-वाटी, कपडे, हस्तांदोलन यांतून हा रोग पसरत नाही. त्यामुळे रुग्णाचे भांडे वेगळे करून त्याला हिणवण्याचे काहीही कारण नाही. प्रश्न हवेचा आहे. खोलीत माणसे जितकी जास्त आणि हवेची ये-जा जितकी कमी, तितका धोका अधिक. खोली एकच असेल तर रुग्णाचे अंथरूण खिडकीशी किंवा दाराशी घालावे, लहान मुलांची अंथरुणे दुसऱ्या टोकाला. समोरासमोरची दारे-खिडक्या शक्य तितका वेळ उघडी ठेवावीत. दिवसा रुग्णाने ओट्यावर, अंगणात, झाडाखाली बसावे. खोकताना तोंडावर रुमाल धरावा. नेहमीच्या प्रकारच्या क्षयात योग्य औषधे सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासून होणारा धोका पुष्कळ कमी होतो. सरकारी केंद्रात घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना रोग झालेला नाही त्यांना प्रतिबंधक औषध देण्याची सोय आहे. एवढे केले तर एका खोलीतही निभावते. पण 'निभावते' याचा अर्थ 'ठीक आहे' असा कोणी घेऊ नये.

दाटी आणि रोग यांचे नाते आपल्याला नवे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लोक गावोगाव पळाले. रोग अंधाऱ्या, कोंदट चाळींमध्ये वाढतो, हे सरकारला मान्य करावे लागले आणि १८९८ साली शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, कोंदट वस्त्या पाडल्या. मात्र पाडलेल्या घरांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेली घरे अपुरी पडली. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली गर्दी वाढली. १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी, परळ येथे बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. गिरणीत कामाला गेलेल्या आपल्या जिल्ह्यांतल्या माणसांच्या पिढ्या अशा चाळींत वाढल्या.

एवढा अनुभव गाठीशी असूनही शंभर वर्षांनी तेच घडले. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी उठवलेल्या मुंबईतील झोपडपट्टीवासीयांना गोवंडी-मानखुर्दकडच्या नव्या इमारतींत घरे मिळाली. २२५ चौरस फुटांची, पक्क्या भिंतींची, आत नळ आणि शौचालय असलेली. कागदावर ते बेघर राहिले नाहीत. पण लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत इमारती इतक्या जवळजवळ बांधल्या, की मधले अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि मुंबईची आय. आय. टी. यांनी या वसाहतींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये पुढे आले. जिथे इमारतींमध्ये मोकळी जागा बरी होती त्या वसाहतीच्या तुलनेत या दाट वसाहतींत क्षयाचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त होते, आणि ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर अधिक. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम सैल केले होते, त्याची ही किंमत. स्वस्त घर म्हणजे अंधारे घर, असा अर्थ कोणी ठरवला कोण जाणे.

म्हणून 'घरांची टंचाई' म्हणजे नुसती छपरांची टंचाई नव्हे. २०१२ साली केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने देशाच्या शहरी भागात १ कोटी ८८ लाखांच्या आसपास घरे कमी पडत असल्याचा हिशेब मांडला होता. त्यातला फार मोठा वाटा, जवळजवळ १ कोटी ५० लाख, हा दाटीमुळे होता. म्हणजे या कुटुंबांना घर होते, पण त्यात माणसे मावत नव्हती. ही टंचाई जवळपास सगळी दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातली होती. आणि २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांहून जास्त घरे रिकामी, कुलूपबंद आढळली होती. त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर, फलाटावर, पुलाखाली, मोठ्या पाइपांत आणि देवळांच्या आवारात झोपणाऱ्यांची मोजणी झाली. ती संख्या देशात १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक भरली.

हे सारे मोठ्या शहरांचे, आपल्याकडे असे नाही, असे कोणी म्हणेल. मी आपल्याकडचे सांगतो. गावात नवीन खोल्या खूप बांधल्या जात आहेत, पण हमाली करणाऱ्याला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला त्यांचे भाडे आणि आगाऊ रक्कम झेपत नाही. म्हणून दोन-दोन कुटुंबे एका पत्र्याच्या खोलीत राहतात. एप्रिल-मे मध्ये त्या पत्र्याखाली दुपारी बसून पाहावे. अंगावर पुरळ, जुलाब, तान्ह्या मुलांना उष्णतेचा त्रास, हे रुग्ण मला त्या खोल्यांमधून येतात. आणि मीठ-साखर-पाण्याबरोबर मी त्यांना 'थंड जागी ठेवा' असे सांगतो, ते कशाच्या आधारावर सांगावे?

घरमालकांची बाजूही आहे. भाडेकरू निघणार नाही ही भीती मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडे कायद्यापासून आपल्याकडे पिढीजात चालत आली आहे, आणि तिला अगदीच आधार नव्हता असेही नाही. पण तो कायदा जाऊन १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. या कायद्यानुसार भाडेकरार लेखी करून नोंदवावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. गरिबाच्या खोलीचा करार सहसा कोणी करत नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून शिधापत्रिका, बँक खाते, योजनेची कागदपत्रे सगळेच अडते. आणि घरात कोणी खोकू लागले की तोंडी सांगून आठ दिवसांत खोली रिकामी करून घेता येते. औषध चालू असलेल्या क्षयरुग्णाला खोलीतून काढणे हे वैद्यकीयदृष्ट्या सर्वस्वी चूक आहे. उपचार घेणारा भाडेकरू माहितीत राहतो; हाकललेला भाडेकरू उपचार सोडून दुसऱ्या गर्दीत जातो. ज्या घरमालकांना शंका असेल त्यांनी रुग्णाबरोबर सरकारी केंद्रात जाऊन डॉक्टरांशी बोलावे.

गावाबाहेर आणखी एक वस्ती दरवर्षी दिवाळीच्या सुमारास उभी राहते आणि उन्हाळा लागताना उठते. ऊसतोड कामगारांच्या कोपी. बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद एवढाच तिचा माल. आपण तिला घर म्हणत नाही आणि तिथल्या माणसांना बेघरही म्हणत नाही, त्यामुळे कोणाच्याच यादीत ती येत नाही. आत चूल, चुलीचा धूर, बाजूला तान्हे मूल. जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री मण्यार चावण्याचा धोका मोठा. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, तेव्हा लोक 'काहीतरी खाण्यात आले' म्हणतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी अशी लक्षणे दिसली तर वेळ न घालवता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. बायकांचे हाल वेगळेच. आंघोळीला आडोसा नाही, पाणी दूर, शौचालय नाही. त्यातून जंतुसंसर्ग, अंगावरून पांढरे जाणे, आणि वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढणे. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात १३ हजार ८०० हून अधिक महिलांची गर्भपिशवी काढून टाकलेली आढळली. याची कारणे अनेक आहेत. मजुरी बुडण्याची भीती आहे, शस्त्रक्रियेची घाई करणारे आमच्या व्यवसायातले लोकही आहेत. पण न्हाणीघर आणि दाराला कडी असलेली एक खोली, हा त्यांतल्या पुष्कळ तक्रारींवरचा पहिला उपाय होता, असे मला वाटते. कारखान्याच्या गळिताचा हिशेब टनांत ठेवला जातो. त्याच वहीत किती कुटुंबांना पक्का निवारा, पाणी आणि शौचालय दिले याचाही रकाना असायला हवा.

घरकुल मंजूर झालेल्या वाचकांसाठी दोन शब्द. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा ठरवलेली आहे आणि सपाट भागात १ लाख २० हजार रुपये अनुदान हप्त्याहप्त्याने मिळते. पैसे पुरत नाहीत हे खरेच, आणि हात आखडला की पहिल्यांदा खिडकीवर गदा येते. तसे करू नका. राष्ट्रीय बांधकाम संहितेत कोरड्या-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश आणि दमट-उष्ण हवामानात एक षष्ठांश इतकी उघडी खिडकी सांगितली आहे. दहा बाय बाराची खोली असेल तर आपल्या कोरड्या भागात बारा चौरस फूट, म्हणजे साधारण चार बाय तीनची खिडकी झाली. ती समोरासमोर दोन भागांत केली तर अधिक चांगले. फरशी, रंग पुढच्या वर्षीही होतो. भिंत उभी राहिल्यावर खिडकी सहसा होत नाही. ज्यांना स्वतःची जागा नाही अशा ग्रामीण लाभार्थ्यांना जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची अर्थसाहाय्य योजना आहे. पंचायत समितीत तिची चौकशी करावी.

उरला प्रश्न ज्यांना काहीच नाही त्यांचा. फिनलंडने २००८ पासून एक पद्धत राबवली. बेघर माणसाला 'आधी दारू सोड, आधी औषध घे, मग घर देऊ' असे न सांगता आधी कायमच्या भाडेकराराची खोली द्यायची आणि उपचार तेथे सुरू करायचे. पुढच्या दशकभरात तिथल्या बेघरांची संख्या बरीच घटली. देश लहान आणि श्रीमंत, थंडी जीवघेणी, आपली बरोबरी होणार नाही, हे मला कळते. पण क्रम बदलायला श्रीमंती लागत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांमध्ये लाख वस्तीमागे एक, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा असावा, असे आदेश दिले होते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत लाख लोकवस्तीमागे निदान १०० माणसांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा असे प्रमाण दिले होते. आपली नगरपालिका लहान आहे, पण प्रमाण लहान गावालाही लावता येते. पन्नास हजारांच्या गावाला पन्नास माणसांचा निवारा. सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात रोज रात्री रुग्णांचे नातेवाईक, स्टँडवर मजूर आणि देवळाच्या ओवरीत म्हातारी माणसे मिळून तेवढी भरतील. अंदाजपत्रकाच्या सभेत आपापल्या नगरसेवकाला हा प्रश्न विचारायला लावणे वाचकांच्या हातात आहे.

असा निवारा झालाच, तर एक डॉक्टर म्हणून माझ्या मागण्या किरकोळ आहेत. तो रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावा. खिडक्या समोरासमोर, दोन अंथरुणांत पुरेसे अंतर. बायकांची बाजू वेगळी, आतून कडी लागणारी, आणि शौचालय रात्रीही उघडे. आजारी माणसाला सकाळी सहाला बाहेर काढू नये. क्षयाची तपासणी तेथेच व्हावी आणि केंद्राच्या वहीत 'पत्ता' या रकान्यात त्या निवाऱ्याचा पत्ता लिहिता यावा. आणि प्रत्येकाला हातभर लांबीचे, कुलूप लागणारे एक कपाट मिळावे. गोळ्या कोरड्या राहायला तेवढी जागा पुरते.